मास्टर घरात, प्रत गावात

अगं,

फिल्म झाली, पहिला खेळ झाला, घरोघरी पेढेही पोचले. आता माझं थोडं ऐक. फिल्म करायला शिकवणारे तुला पुष्कळ भेटले आणि पुढेही भेटतील. ती लोकांपर्यंत न्यायची कशी आणि आपल्या माघारी ती शिल्लक कशी राहायची, हे सांगणारे फार थोडे. माझी उभी हयात याच दोन कामांत गेली, दिवसा टेपच्या कपाटापाशी आणि संध्याकाळी कुठल्या तरी वस्तीत पडदा बांधताना. पुढचं बरंचसं मला माझ्या आधीच्या माणसांनी सांगितलेलं आहे. त्यांनी ते कुठं लिहून ठेवलं नाही, म्हणून मी लिहून देते.

सगळ्यात आधी हे पाठ कर: मास्टर घरात, प्रत गावात.

मास्टर म्हणजे जिच्यावरून बाकीच्या सगळ्या प्रती निघतात ती. ती खेळाला न्यायची नाही, महोत्सवाला पाठवायची नाही, कुणी कितीही जवळचा असला तरी ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती द्यायची नाही. एवढं बहुतेक जण पाळतात. वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र विसरतात. प्रत गावात गेलीच पाहिजे. कपाटात मास्टर आहे आणि बाहेर एकही प्रत नाही, ही मला सगळ्यात धोक्याची अवस्था वाटते. कारण तेव्हा फिल्म कुणाच्या लक्षातही नसते, आणि जी लक्षात नाही ती हरवली तरी शोधायला कुणी निघत नाही.

अकबर पदमसींची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. चित्रकार पदमसी. 1969 मध्ये त्यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथं एकत्र जमून कॅमेऱ्याशी नाना प्रयोग करून बघायचे. नलिनी मलानींच्या पहिल्या फिल्म तिथल्याच. पदमसींनी स्वतः दोन केल्या. त्यांतली ‘सिझिजी’ (1970) आज बघायला मिळते. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ मिळत नाही. तिची एकच प्रिंट होती आणि ती हरवली. पुढं 2016 मध्ये आशिम अहलुवालियांनी त्याच नावाची एक छोटी फिल्म केली. तिच्यात म्हातारे झालेले पदमसी आपल्या हरवलेल्या फिल्ममधलं आठवेल तेवढं सांगतात आणि त्या आठवणींवरून ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न होतो. ती फिल्म सुंदर आहे, जरूर बघ. पण बघताना हेही मनात असू दे की त्या काळी आणखी एक प्रिंट निघाली असती आणि दुसऱ्या कुणाच्या घरात पडून राहिली असती, तरी मूळ काम आज आपल्यापुढं असतं.

याच्या उलट आनंद पटवर्धनांची ‘वेव्हज ऑफ रेव्होल्यूशन’ घे. बिहारच्या आंदोलनावरची, हाताशी मिळेल त्या सामग्रीवर केलेली. आणीबाणी आली आणि अशी फिल्म जवळ बाळगणंही जोखमीचं झालं. तेव्हा तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांच्या सामानातून परदेशी गेले आणि तिकडं पुन्हा जोडले गेले. लोकांच्या सामानातून गेली म्हणून ती फिल्म वाचली. आणि आपल्या मराठीतली ‘मोलकरीण’! पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संघटना बांधली, त्यावर ‘युगांतर’ या बंगळूरच्या गटानं 1981 मध्ये ती केली. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम बर्लिनच्या ‘आर्सेनल’ संस्थेनं काही वर्षांपूर्वी डिजिटल रूपात पुन्हा उभं केलं आणि ते जगभर नव्यानं दाखवलं जाऊ लागलं. पुण्याच्या बायकांचं बोलणं बर्लिनला नीट झालं याचं मला वाईट वाटत नाही. ते इथं व्हायला हवं होतं, एवढं मात्र वाटतं.

व्हिडिओ कलेची जी जुनी घरं जगात आहेत त्यांची रीत बघ. न्यूयॉर्कला हॉवर्ड वाइज यांनी 1971 मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स’ काढली, शिकागोला 1976 मध्ये ‘व्हिडिओ डेटा बँक’ निघाली. दोन्हीकडचं एक मोठं काम म्हणजे कलावंतांच्या टेप महाविद्यालयांना, संग्रहालयांना, छोट्या गटांना भाड्यानं पाठवणं. पाठवायचं तर चांगली प्रत हवी, चांगली प्रत हवी तर मास्टर जपायला हवी. असं करता करता वितरण करणाऱ्या संस्थाच जतन करणाऱ्या झाल्या. ज्यांनी नुसतं दाखवलं त्यांच्या टेप झिजल्या, ज्यांनी नुसतं जपलं त्यांच्या टेप कुणी मागितल्या नाहीत. ही दोन खाती तू कधी वेगळी करू नकोस.

आता तुझ्या कपाटात आलेल्या कॅसेटींचं. गिरणगावावरच्या फिल्मसाठी तू जुन्या कामगारांच्या घरून व्हीएचएस आणल्यास, कुणा कार्यकर्त्याकडून यू-मॅटिक, कुणाच्या मुलाकडून हाय-8 आणि मिनी-डीव्ही. त्यातले तुला हवे होते ते तुकडे घेऊन झाले, आणि बाकीच्या कॅसेटी पिशवीत पडल्या आहेत. तुझ्या फिल्मइतक्याच त्याही मोलाच्या आहेत असं समज.

कॅसेट हाती आली की मशिनकडे जायचं नाही. आधी उजेडात बसायचं. व्हीएचएसच्या कडेला एक बारीक कळ असते, ती दाबली की पुढचं झाकण उचलता येतं. आत चकचकीत गडद पट्टी दिसेल. ती सुरकुतलेली आहे का, कडा दुमडली आहे का, ते बघ. मग वरच्या खिडकीतून रिळाकडं बघ, कॅसेट तिरपी धरून. पट्टीच्या गुंडाळ्याच्या कडेवर पांढरट पूड किंवा धाग्यांची जाळी दिसली तर ती बुरशी. नाकाशी नेलीस तर ओल्या गोणपाटाचा वास येईल, पण नेऊ नकोस, तोंडाला फडकं बांध. अशी कॅसेट मशिनमध्ये घातली की हेडला बुरशी लागते, आणि त्यानंतर त्या मशिनमध्ये जाईल त्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळ्या डब्यात ठेव, वर लिही, आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडे ने.

दिसायला स्वच्छ असलेली टेपही दगा देते. पट्टीवर चुंबकीय पूड ज्या लुकणानं बसवलेली असते ते हवेतलं पाणी शोषून चिकट होतं. मशिनमध्ये गेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येतो, चित्रावर बर्फ पडतो, हेड तुंबतं. आवाज आला की थांबायचं, पुन्हा एकदा बघू म्हणून दाबायचं नाही. अशा टेप साधारण पन्नास अंशांच्या आसपास काही तास मंद तापवून तात्पुरत्या बऱ्या करतात, पण ते काम प्रयोगशाळेतलं. घरच्या भट्टीत कुणी करायला सांगितलं तर ऐकू नकोस.

सगळं ठीक दिसलं, तर रेकॉर्ड होण्याची सोय आधी मार. व्हीएचएसच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडून टाकायची, यू-मॅटिकच्या बुडाचं लाल बटण काढून घ्यायचं, मिनी-डीव्हीची पट्टी ‘सेव्ह’वर सरकवायची. चुकून भलतं बटण दाबलं गेलं की चाळीस वर्षांपूर्वीचं भाषण क्षणात जातं आणि कुणी ते परत आणू शकत नाही.

मग पहिल्यांदा वाजवतानाच टिपून घे. जुनी टेप एकदाच नीट वाजण्याइतकी उरलेली असू शकते. आधी बघून घेऊ, काय आहे ते कळलं की मग कॉपी करू, असं म्हणणाऱ्यांची ती एक फेरी वाया जाते. आणि मधे पॉज करू नकोस. पॉजवर पट्टी जागच्या जागी असते आणि हेड त्याच जागी घासत राहतं. काम झालं की टेप शेवटपर्यंत नेऊन सलग परत गुंडाळायची, म्हणजे ताण सारखा बसतो.

मशिनचं मात्र तातडीचं आहे. बीटामॅक्सच्या कॅसेटी सोनीनं मार्च 2016 मध्ये थांबवल्या आणि त्याच वर्षी जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीएचएसची यंत्रं बनवणं बंद केलं. युनेस्कोनं 2019 मध्ये जगभरच्या संग्रहांना इशारा दिला तो याचसाठी: टेप अजून शिल्लक असतील, पण 2025 च्या आसपास त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं सहज मिळणार नाहीत. ती वेळ आता आलेली आहे. कुठल्या स्टुडिओत, कुठल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे चालू यू-मॅटिक किंवा चांगला एस-व्हीएचएस दिसला तर त्याचं नाव, फोन वहीत लिही. दुरुस्तीवाला मिळाला तर त्याला चहा पाज आणि शिकून घे.

मिनी-डीव्ही आधी उरक. तिच्यात चित्र आकड्यांच्याच रूपात असतं, त्यामुळे फायरवायरची तार लावून जसंच्या तसं उतरवता येतं. एका तासाला साधारण 13 जीबी लागतात. पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारेनं उतरवलंस तर फुकट नुकसान. हाय-8 साठी सोनीचा जुना डिजिटल-8 कॅमेरा शोध, त्यांतली काही मॉडेल्स हाय-8 वाजवतात आणि फायरवायरनंच बाहेर देतात. व्हीएचएस आणि यू-मॅटिकला मधे टाइम बेस करेक्टर हवा, नाहीतर चित्र डोलतं आणि आवाज मागं पडतो. बाजारात मिळणारा स्वस्त यूएसबी डोंगल घेऊ नकोस. तो उतरवतानाच चित्र चेंगरतो.

उतरवलेली मास्टर फाइल न चेंगरलेली ठेवायची. पूर्ण कच्च्या रूपात एसडी चित्राला तासाला 100 जीबीच्या घरात जागा लागते, म्हणून संग्रहालयं आता एफएफव्ही-1 वापरतात. त्यात चित्रातलं काहीही गळत नाही आणि जागा निम्म्याहून कमी लागते. ते फुकट आहे, कुणा कंपनीच्या मालकीचं नाही, आणि 2021 मध्ये त्याचं रीतसर मानकही ठरलं. उतरवणाऱ्याला सांग: चित्र 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, जसं आहे तसंच. जुनं टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत बनतं, म्हणून संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दात ‘साफ’ करून देतो असं कुणी म्हणालं तर मास्टरमध्ये करू देऊ नकोस. रुंद पडद्यावर भरावं म्हणून चौकोनी चित्र ताणूही देऊ नकोस. गिरणी कामगार जाडे दिसायला लागतात, आणि एका पिढीनं ते तसेच पाहिले की पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं.

फाइल तयार झाली की तिचा चेकसम काढून मजकुराच्या फाइलीत ठेव. तो एक छोटा आकडा असतो. वर्षभरानं पुन्हा काढला आणि तोच आला तर फाइलमधला एक ठिपकाही बदललेला नाही. हार्ड डिस्क किमान दोन, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि तिसरी प्रत दुसऱ्या शहरात. मुंबईत राहणाऱ्याला 26 जुलै 2005 वेगळं सांगायला नको. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तळमजल्यावर आणि जमिनीवर ठेवलेलं काय काय गेलं याची मोजदाद कुणी केली नाही. तू मुंबईत ठेवतेस तर तिसरी प्रत नागपूरला, नाशिकला, सोलापूरच्या काकांकडे. डिस्क सहा महिन्यांतून एकदा चालवून बघ आणि पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर घे. डीव्हीडीवर भरवसा ठेवू नकोस, आणि यूट्यूबला संग्रह समजू नकोस. यूट्यूब प्रत गावात नेण्याचं एक चांगलं वाहन आहे. पण तिथं गेलेली फाइल चेंगरलेली असते आणि कुणाच्या एका तक्रारीवर ती उतरते.

कॅसेटी ठेवायची जागा म्हणशील, तर माळा नको, स्वयंपाकघराशेजारची भिंत नको, स्पीकरच्या जवळ नको. उभ्या ठेव, आडव्या नाही. जमिनीपासून हातभर उंच. डांबरगोळ्या कपड्यांना ठीक, टेपजवळ नको. पावसाळ्यात सिलिका जेल ठेव आणि ते रंग बदलेल तसं बदल. लेबल कॅसेटीवर आणि डब्यावर दोन्हीकडे हवं, कारण डबे एकमेकांचे होतात. त्यावर ‘मोर्चा 2’ असं लिहून भागत नाही. कुणाचा मोर्चा, कुठं, कोणत्या तारखेला, कॅमेरा कुणाच्या हातात होता, कोण बोलतंय. ज्यांना ते चेहरे ओळखता येतात ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बस, उतरवलेली प्रत लाव, आणि ते बोट दाखवून सांगतील ते लिहून घे. हे काम यंत्राच्या कामाइतकंच तातडीचं आहे.

कच्चं चित्रण टाकून द्यायचं नाही, हे मी तुला पटवून देते. पटवर्धनांनी ‘बॉम्बे अवर सिटी’ (1985) करताना झोपडपट्टीतल्या लोकांसोबत गाणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांना टिपलं होतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. तिथून ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू झाली, ती चौदा वर्षांनी 2011 मध्ये पुरी झाली आणि नंतर वस्त्यावस्त्यांत उघड्यावर दाखवली गेली. त्या फिल्ममध्ये तरुण घोगरे गाताना दिसतात, कारण ‘बॉम्बे अवर सिटी’च्या वेळचं ते चित्रण कुणीतरी जपलेलं होतं. चित्रण करताना कुणाला ठाऊक असतं की कोणता माणूस उद्या नसेल? मुंबईच्या ‘कॅम्प’च्या कलावंतांनी आणि बंगळूर-बर्लिनच्या मित्रांनी 2008 मध्ये पॅड.मा हा संग्रह उभा केला तो याच समजुतीवर. तिथं पूर्ण फिल्मपेक्षा कापणीनंतर उरलेलं चित्रण जास्त, आणि प्रत्येक तुकड्यावर तारीख-ठिकाणासह टिपणं. तुझ्या गिरणगावच्या उरलेल्या तासांचं काय करायचं ते तिथली पद्धत बघून ठरव.

तुझ्या स्वतःच्या फिल्मच्या मास्टरमध्ये सबटायटल छापून टाकू नकोस. चित्र स्वच्छ, मजकूर वेगळ्या एसआरटी फाइलीत. संवाद, संगीत आणि भोवतालचा आवाज तिन्ही वेगवेगळे. उद्या कुणी कन्नडमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये दाखवायचं म्हटलं, किंवा एखादं गाणं हक्कांच्या भांडणात काढावं लागलं, तर संपूर्ण फिल्म मोडावी लागणार नाही.

मांडणी-शिल्पात व्हिडिओ लावणार असशील तर नुसती फाइल जपून भागत नाही. नलिनी मलानींच्या ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’मध्ये (1998) पत्र्याच्या ट्रंकांत टीव्हीचे मॉनिटर आहेत. ट्रंक, मॉनिटर, भिंतीवरचं चित्र, मधून चालणारा माणूस, हे सगळं मिळून ती कलाकृती. दक्षिण कोरियात नाम जून पाइक यांनी 1988 मध्ये 1003 टीव्हींचा मनोरा उभारला. टीव्ही जुने होऊन 2018 मध्ये तो बंद करावा लागला, आणि कित्येक वर्षं खपून 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. बहुतेक नळ्या दुरुस्त केल्या, काही ठिकाणी सपाट पडदे बसवावे लागले. म्हणून आत्ताच लिहून ठेव की तुझ्या कामात नेमकं काय बदललं तर चालेल आणि काय नाही. जाड पाठीचा टीव्हीच हवा का? आवाज किती? अंधार किती? माणसानं उभं राहून बघायचं की बसून? मांडलेल्या खोलीचे फोटो काढ, तारा कुठून गेल्या तेही काढ.

आता करार. कागद पुढं आला की तीन गोष्टी शोध: किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, कुठल्या माध्यमात. ‘जगभर, कायमचं, आजच्या आणि उद्याच्या सर्व माध्यमांत’ असं दिसलं तर सही न करता घरी ये. वितरकाला एकट्यालाच हक्क हवा असेल तर मुदत तीन किंवा पाच वर्षांची ठेव आणि वस्तीत, शाळेत, संघटनेत फुकट दाखवायचा हक्क स्वतःकडे राख. संग्रहालय किंवा गॅलरी मर्यादित प्रती मागते, पाच-सहा आणि एक कलावंताची. त्यात काही गैर नाही, पण त्या मर्यादेनं वस्तीतला खेळ अडणार नाही असं लेखी घे. आपल्या कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे, हे विसरू नकोस. पैसे दुसऱ्याचे असतील तर तुझं नाव आणि तुझे हक्क कागदावर हवेत. फुकट मागणाऱ्यांतही फरक कर. कामगार संघटना मागते तेव्हा द्यायचं. ज्या विद्यापीठाच्या सभागृहाचा एका दिवसाचा एसीचा खर्च तुझ्या कॅमेऱ्याच्या भाड्याएवढा आहे, त्यानं भाडं दिलंच पाहिजे. मागायला लाजू नकोस. ते पैसे पुढच्या हार्ड डिस्कचे.

जाहीर खेळाला 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. 2004 मध्ये मुंबईच्या माहितीपट महोत्सवातून सरकारला न रुचणाऱ्या फिल्म वगळल्या गेल्या, तेव्हा फिल्मवाल्यांनी ‘विकल्प’ नावानं आपला समांतर महोत्सव भूपेश गुप्ता भवनात भरवला होता. ती भांडणं तुझ्याही वाट्याला येतील. मी एवढंच सांगते: प्रमाणपत्रासाठी काही कापावं लागलं तर ते प्रतीतून काप. मास्टर अखंड राहू दे, आणि काय कापायला सांगितलं तो कागद तिच्यासोबत ठेव. पन्नास वर्षांनी तो कागदही इतिहास असतो.

खेळाला जाताना दोन प्रती, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर. एक पेनड्राइव्ह आणि एक लॅपटॉप म्हण. आधी आवाज तपास, चित्र नंतर. चित्र थोडं फिकं असलं तर लोक बघतात, बोलणं कळलं नाही तर उठून जातात. पडद्याचं तोंड रस्त्याच्या दिव्याकडे नको. खेळ संपला की लगेच दिवे लावून सामान आवरायला घेऊ नकोस. बायका मागून पुढं यायला वेळ लावतात, आणि त्यांना जे म्हणायचं असतं ते पहिल्या दहा मिनिटांत कधीच येत नाही. निघताना एक प्रत तिथं ठेवून ये. सरपंचाकडे किंवा कार्यालयात नाही. जिनं खेळासाठी सतरंज्या आणल्या, तिच्याकडे. तिला प्रती काढायची परवानगी लेखी दे.

मात्र प्रत देण्याआधी फिल्ममधल्या माणसांकडे परत जा. त्यांनी तुला चाळीच्या खोलीत बसून सांगितलं तेव्हा ते ऐकायला तू एकटी होतीस. आता शेजारी ऐकणार, घरमालक ऐकणार, मुलीच्या सासरचे ऐकणार. आधी दाखव, मग विचार. कुणी एखादं वाक्य काढ म्हणालं तर ते गावात जाणाऱ्या प्रतींतून काढायचं आणि मास्टरसोबतच्या टिपणात लिहायचं की हे किती वर्षं बंद ठेवायचं.

कुठल्या तरी मोठ्या घरी एक प्रत पोचव. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 चं, आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं आहे. मुंबईत 2014 पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे, ते जतनाच्या कार्यशाळाही घेतात. जमली तर एक कर, आठवडाभर हातानं काम केल्यावर जे कळतं ते माझ्या पत्रातून कळणार नाही. पण संग्रहालयात दिली म्हणजे सुटलो असं कधी समजू नकोस. 2003 मध्ये पुण्यात आग लागून याच संग्रहालयाची, नायट्रेटवरच्या जुन्या फिल्मांची हजारो रिळं जळाली. तिथल्या पी. के. नायरांसारख्या माणसानं गावोगाव फिरून जमवलेला संग्रह होता तो. एकाच छताखाली सगळं ठेवू नये, मग ते छत कितीही मजबूत असो.

आणि शेवटचं, जे तुझ्या वयात कुणी करत नाही. मृत्युपत्रात फिल्मचं लिही. प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे तो तुझ्यानंतरही कुणाच्या तरी हातात असणार. तो नातेवाइकाकडे गेला आणि त्याला फिल्मची फिकीर नसली तर दाखवायची परवानगी मागणाऱ्यांच्या पत्रांना उत्तर मिळत नाही, आणि फिल्म घरात असून मेल्यात जमा होते. डिस्क कुठल्या तीन ठिकाणी आहेत, पासवर्ड कुणाकडे, कोणते करार कधी संपतात, कोणती मुलाखत कधीपर्यंत बंद, हे एका पानावर लिही. हक्क घराबाहेरच्या, हे काम समजणाऱ्या, तुझ्याहून वयानं लहान अशा कुणाला दे. तिला आधी विचार, ती हो म्हणाली तर पानाची एक प्रत तिला दे, आणि दर वर्षी जूनच्या आधी तिला सोबत घेऊन तिन्ही डिस्क चालवून बघ.

तुझी,
मावशी